अंतराळात जाणं एक वेळ जमतं, परत येण्याचं काय?

युरी गागारिन आपल्या यानात बसून जमिनीवर उतरलेच नव्हते. १२ एप्रिल १९६१ रोजी १०८ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून ते परतले, एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. शेवटच्या काही मिनिटांचं मात्र कोणी सांगत नाही. जमीन सुमारे सात किलोमीटर खाली असताना वोस्तोक यानाचं झाकण उडालं, गागारिन खुर्चीसकट बाहेर फेकले गेले आणि स्वतःच्या पॅराशूटने सारातोव्हजवळच्या एका शेतात उतरले. नारिंगी पोशाख आणि पांढरं शिरस्त्राण घातलेला हा कोण बाबा, म्हणून शेतात बटाटे लावणारी एक बाई आणि तिची छोटी नात घाबरून मागे सरकल्या. यान वेगळंच कुठेतरी जाऊन आदळलं.

यान वर न्यायचं कसं, पृथ्वीभोवती फिरवायचं कसं, हे सोव्हिएत अभियंत्यांना जमलं होतं. आत माणूस असताना ते अलगद टेकवायचं कसं, हे अजून जमलेलं नव्हतं. आणि ते कबूलही करता येत नव्हतं. कारण आंतरराष्ट्रीय विमान महासंघाच्या नियमाप्रमाणे विक्रमाची नोंद व्हायची तर वैमानिकाने आपल्या यानातच उतरायला हवं होतं. त्यामुळे ही गोष्ट कित्येक वर्षं दडवून ठेवली गेली.

अंतराळ मोहिमांचा इतिहास बहुतेक वेळा उड्डाणांच्या तारखांनी सांगितला जातो. अमुक साली हा गेला, तमुक साली तो गेला. मला तो दुसऱ्या टोकाकडून वाचायला आवडतो: कोण कसं परत आलं, आणि कोण का येऊ शकलं नाही. साठ-पासष्ट वर्षांत माणूस नेमकं काय शिकला ते तिथे दिसतं. चंद्राच्या आणि मंगळाच्या गप्पा रंगतात तेव्हा गाडं कुठे अडलेलं असतं, तेही तिथेच दिसतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. अंतराळ फार लांब नाही. समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटर वर गेलं की अंतराळ सुरू झालं असं सर्वसाधारणपणे धरतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं, मुंबईहून नागपूर त्यापेक्षा लांब आहे. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं हेही खरं नाही. पृथ्वीची ओढ तिथे जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असते. मग स्थानक खाली का येत नाही? तर ते सतत खाली येतच असतं, पण त्याच वेळी इतक्या जोरात पुढे जात असतं की खालची गोल पृथ्वीही तेवढीच वळत जाते आणि पडणं कधी संपतच नाही. आतली माणसंही स्थानकासोबत पडत असतात, म्हणून तरंगतात. हा पुढे जाण्याचा वेग सेकंदाला जवळपास ७.८ किलोमीटर, म्हणजे ताशी २८ हजार किलोमीटर. या वेगाने सरळ रेषेत मुंबईहून पुण्याला पोचायला पंधरा सेकंद लागतील.

परत यायचं म्हणजे हा सगळा वेग शून्यावर आणायचा. या वेगातल्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे ३ कोटी ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे सात किलो टीएनटीच्या स्फोटाएवढी. रशियाच्या सोयूझ यानाचा परतणारा भाग, म्हणजे माणसं बसतात ती कुपी, तीन टनांच्या आसपास असते. वीस टनांहून जास्त टीएनटीची ऊर्जा आत बसलेल्या तिघांना इजा न होऊ देता कुठेतरी जिरवायची, असा हा प्रश्न आहे.

इंजिनाने ब्रेक का लावत नाहीत? हिशेब बसत नाही म्हणून. सात टनांचं सोयूझ यान त्या वेगाला न्यायला तीनशे टनांचं रॉकेट लागतं. तोच वेग इंधन जाळून मारायचा तर आणखी एक भलंमोठं रॉकेट वर घेऊन जावं लागेल, आणि ते वर न्यायला त्याहून कितीतरी मोठं. म्हणून परतताना सोयूझचं इंजिन जेमतेम पावणेपाच मिनिटं उलट दिशेने चालवतात. वेग कमी होतो तो फक्त सेकंदाला १२० मीटरच्या आसपास. ७,८०० मधले १२०! एवढ्याने यानाची वाट वाकून वातावरणात शिरते. बाकीचं सगळं काम हवा करते.

हवेने वेग मारायचा म्हणजे उष्णता आली. ही उष्णता घर्षणाची असते असं आपण ऐकत आलो आहोत, पण तिचा मोठा भाग येतो दाबामुळे. यानापुढच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती चेपली जाते आणि हजारो अंशांपर्यंत तापते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्षेपणास्त्रांच्या टोकांवर हाच प्रश्न सोडवणं चालू होतं. वेगाने जायचं तर टोक सुईसारखं हवं, ही तेव्हाची सर्वमान्य समजूत. कॅलिफोर्नियातल्या एम्स संशोधन केंद्रात हॅरी ज्युलियन ॲलन यांनी गणित मांडून नेमकं उलटं दाखवलं. टोकदार वस्तूला तापलेली हवा चिकटून वाहते आणि टोक वितळतं. बोथट, रुंद वस्तूपुढे मात्र हवेची एक जाड धक्का-लहर तयार होते आणि ती पृष्ठभागापासून थोडी दूर राहते. बहुतेक उष्णता त्या लहरीतल्या हवेतच राहते आणि बाजूने निघून जाते. अपोलो, सोयूझ, ड्रॅगन, शेनझोऊ, आपलं गगनयान, सगळ्यांच्या कुप्या बुडाला पसरट आणि बोजड का, याचं उत्तर हे आहे. अंतराळयानं दिसायला देखणी नसतात, आणि नसलेलीच बरी.

तरीही काही उष्णता यानापर्यंत पोचतेच. त्यासाठी बुडाला असं कवच लावतात जे मुद्दाम जळतं. त्याचा वरचा थर कोळसा होतो, त्यातून वायू निघतात, आणि घाम जसा अंगातली उष्णता घेऊन जातो तसे ते उष्णता घेऊन निघून जातात. अपोलोच्या कवचात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचे लाखो खण होते आणि त्यात ॲव्हकोट नावाचं राळेचं मिश्रण एका खास बंदुकीने भरलेलं होतं, एकेक खण, हाताने. एखादा खण नीट भरला गेला नाही असं तपासणीत दिसलं की तो उकरून पुन्हा भरायचा.

कोनाचंही एक प्रकरण आहे. चंद्रावरून परतणाऱ्या अपोलोला वातावरणात क्षितिजाशी सुमारे साडेसहा अंशांचा कोन करून शिरावं लागे. कोन फार उभा झाला तर आतल्यांवर जीवघेणा भार आणि कवचाच्या आवाक्याबाहेरची उष्णता. फार सपाट झाला तर यान पुरेसं मंदावणारच नाही, वातावरणाच्या वरच्या थरातून पार होऊन पुन्हा बाहेर जाईल. दोन्हींमधली फट एक-दोन अंशांची.

पृथ्वीजवळच्या कक्षेतून येतानाही थोडी चूक महागात पडते. एप्रिल २००८ मध्ये सोयूझ टीएमए-११ परतताना तिचा इंजिनाचा भाग वेळेवर नीट सुटला नाही. कुपी ठरलेल्या वाटेऐवजी दगडासारखी खाली आली, आतल्यांवर नेहमीच्या वजनाच्या आठपटींहून जास्त भार पडला आणि ती ठरलेल्या जागेपासून चारशेहून अधिक किलोमीटर अलीकडे उतरली. आत होत्या पेगी व्हिट्सन, युरी मालेन्चेन्को आणि दक्षिण कोरियाच्या यी सो-यन. याच व्हिट्सन २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांच्या मोहिमेच्या कमांडर होत्या. यानाचा भाग वेळेवर न सुटण्याची भानगड गागारिन यांच्याही वाट्याला आली होती. ४७ वर्षांनंतरही तीच खोड.

चुकीच्या जागी उतरण्याचा सगळ्यात नाट्यमय किस्सा अलेक्सेई लिओनोव्ह यांचा. मार्च १९६५ मध्ये अंतराळात पहिल्यांदा यानाबाहेर पडणारा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं. परतताना स्वयंचलित यंत्रणा बिघडली, सोबतच्या पावेल बेल्यायेव्ह यांनी यान हाताने चालवलं आणि ते जवळपास ३८६ किलोमीटर भरकटून उरलच्या बर्फाळ जंगलात उतरले. शोधपथकाच्या हेलिकॉप्टरला उतरायला जागा नव्हती, भोवती लांडगे-अस्वलांचं रान. दोन रात्री दोघांनी तिथे काढल्या. पुढे सोव्हिएत यानांतल्या आपत्कालीन पेटीत तीन नळ्यांची बंदूक ठेवली जाऊ लागली. अंतराळवीरांच्या सामानात शिकारीची बंदूक कशाला, तर ती अशी आली.

हे सगळे वाचले. १९६७ मध्ये व्लादिमीर कोमारोव्ह सोयूझ-१ चं पॅराशूट न उघडल्यामुळे गेले. पण मला सर्वात अस्वस्थ करते ती सोयूझ-११.

जून १९७१. गिओर्गी दोब्रोव्होल्स्की, व्लादिस्लाव व्होल्कोव्ह आणि व्हिक्टर पात्सायेव्ह हे सल्यूत-१ या जगातल्या पहिल्या अंतराळ स्थानकावर तीन आठवड्यांहून जास्त राहून परत येत होते. पॅराशूट वेळेवर उघडलं, कुपी कझाकस्तानच्या माळरानावर ठरल्याप्रमाणे टेकली. शोधपथकाने बाहेरून ठकठक केली. उत्तर आलं नाही. दार उघडलं तेव्हा तिघेही आपापल्या खुर्चीत मृतावस्थेत होते. यानाचे भाग सुटताना बसलेल्या धक्क्याने एक झडप उघडली गेली होती. खरं तर ती जमिनीजवळ आल्यावर, बाहेरची हवा आत घेण्यासाठी उघडायची. ती १६८ किलोमीटर उंचीवर उघडली आणि आतली हवा निघून गेली. झडप हाताने बंद करता येत होती, पण त्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत माणूस शुद्ध हरपतो. दाबाचे पोशाख अंगावर असते तर तिघे वाचले असते. पोशाख दिलेच नव्हते, कारण त्या छोट्या कुपीत पोशाख घातलेली तीन माणसं मावत नव्हती. त्यानंतर सोयूझमध्ये पोशाख घालून दोघांनीच जायचं असं ठरलं आणि तिसऱ्या खुर्चीची सोय व्हायला १९८० उजाडलं.

म्हणजे एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले ते या सुधारलेल्या सोयूझमधून, पोशाख घालून, तिघांतले एक. इंदिरा गांधींना त्यांनी दिलेलं ‘सारे जहाँ से अच्छा’ हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. परतीचा प्रवास कमी लोकांना ठाऊक असतो. ११ एप्रिलला ते कझाकस्तानात उतरले. मोठं पॅराशूट उघडल्यावरही सोयूझ सेकंदाला सात मीटरच्या आसपास वेगाने खाली येते. जमीन मीटरभरही दूर नसताना बुडाची छोटी इंजिनं क्षणभर पेटतात आणि तो वेग आणखी मारतात. खुर्चीत प्रत्येकाच्या पाठीच्या मापाचं, साचा घेऊन बनवलेलं अस्तर असतं. याला ‘अलगद उतरणं’ म्हणतात, पण उतरलेल्यांच्या अनुभवात अलगद काही नसतं.

अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. कुपी एकदाच वापरायची हे त्यांना पटत नव्हतं, म्हणून पंख असलेलं, धावपट्टीवर उतरणारं स्पेस शटल आलं. त्याच्या अंगावर वाळूपासून काढलेल्या सिलिकाच्या वीस हजारांहून जास्त फरशा होत्या, आणि पंखांच्या पुढच्या कडांना कार्बनचे पत्रे. कवच जळून जाणार नाही, पुन्हा वापरता येईल. कल्पना सुंदर होती. पण कुपीचं कवच उड्डाणाच्या वेळी बुडाशी झाकलेलं असतं, शटलचं उघड्यावर होतं, तेही इंधनाच्या अवाढव्य टाकीच्या शेजारी.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया उडालं. ८२ सेकंदांनी टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. त्याचं वजन साधारण पाऊण किलो. चित्रफितीत तो दिसला होता. कक्षेतल्या यानाचे फोटो काढून पंख तपासावा, अशी मागणी काही अभियंत्यांनी केली. वरिष्ठांनी ती पुढे जाऊ दिली नाही. फोमने काय होणार, असा सूर होता. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी पंधरा दिवस प्रयोग करत राहिले. १ फेब्रुवारीला, उतरायला सोळा मिनिटं उरली असताना, पंखातल्या भोकातून तापलेला वायू आत शिरला आणि यानाचे तुकडे टेक्सासवर विखुरले. नंतर चौकशीत तसाच फोम तशाच पत्र्यावर तोफेने मारून पाहिला, तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटरचं भोक पडलं.

शटल २०११ मध्ये निवृत्त झालं आणि अमेरिकाही पुन्हा बोजड कुपीकडे वळली. काही जण याला माघार म्हणतात. मला तसं वाटत नाही.

कोलंबियाची आठवण ताजी असल्याचं २०२४ मध्ये दिसलं. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन गेलेल्या बोईंगच्या स्टारलायनर यानाची काही छोटी इंजिनं दगा देऊ लागली, हेलियम गळू लागला. नासाने यान रिकामंच परत बोलावलं. ते सुखरूप उतरलं. दोघांना वाट बघायला लागली ती मार्च २०२५ पर्यंत, एकूण २८६ दिवस. ‘अडकले’ म्हणून आपल्याकडच्या वाहिन्यांनी महिनोन्महिने आरडाओरडा केला. खरं तर परतीच्या यानाबद्दल शंका असताना त्यात माणूस न बसवणं, हा तिथला सगळ्यात शहाणा निर्णय होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीननेही तेच केलं. शेनझोऊ-२० च्या खिडकीला बारीक तडे गेलेले दिसले, तेव्हा त्यातले तिघे शेनझोऊ-२१ मधून परतले आणि मागे राहिलेल्यांसाठी आणखी एक यान रिकामं वर पाठवलं गेलं.

गगनयानाला इतका वेळ का लागतोय, असं विचारणाऱ्यांनी हा सगळा इतिहास डोळ्यापुढे ठेवावा. रॉकेट आपल्याकडे आहे. त्याच्या दुसऱ्या टप्प्याची विकास इंजिनं तर विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनतात. इस्रोचा खरा अभ्यास परतीचा आहे आणि तो जुना आहे. जानेवारी २००७ मध्ये साडेपाचशे किलोची एक कुपी बारा दिवस कक्षेत फिरवून बंगालच्या उपसागरात उतरवली. डिसेंबर २०१४ मध्ये माणसांच्या कुपीची प्रतिकृती १२६ किलोमीटरवरून खाली आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये, रॉकेट मध्येच बिघडलं तर कुपी सोडवून कशी आणायची, याची चाचणी झाली. ती यशस्वी झाली, पण समुद्रात कुपी उलटी तरंगताना सापडली. माणसं आत असतील तेव्हा ती आपोआप सुलटी व्हायला हवी, हेही एक कामच. ऑगस्ट २०२५ मध्ये हेलिकॉप्टरमधून कुपी सोडून पॅराशूटं तपासली. एकूण दहा पॅराशूटं आहेत. आधी झाकण ओढून काढणारी, मग वेग सावरणारी, मग मोठ्यांना बाहेर खेचणारी, आणि शेवटी तीन मोठी. त्या तिघांतलं एक उघडलं नाही तरी दोघांवर भागतं. शुक्लांसोबत प्रशांत नायर, अजित कृष्णन आणि अंगद प्रताप यांची निवड झालेली आहे आणि माणसांच्या उड्डाणासाठी इस्रोने २०२७ साल सांगितलं आहे.

आता चंद्र. तिथून परतताना वेग सेकंदाला ११ किलोमीटर होतो. वेग दीडपटही वाढला नाही, पण ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणजे कवचावरचा बोजा दुप्पट. त्याआधी चंद्रावरून उठायचं असतं. अपोलो-११ च्या चांद्रयानाला वर उचलणारं इंजिन एकच होतं, दुसरं नाही. ते चालू करणाऱ्या बटणाचं टोक आतल्या गर्दीत मोडलं, तेव्हा बझ ऑल्ड्रिन यांनी खिशातलं स्केचपेन आत खुपसून काम भागवलं. इंजिन पेटलंच नाही तर वाचायचं भाषण राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी आधीच लिहून ठेवलं होतं. सुमारे २,९०० टनांचं, ११० मीटर उंच रॉकेट निघालं आणि घरी परतली ती पाच-साडेपाच टनांची कुपी.

चंद्रावर पुन्हा माणसं नेण्याच्या आर्टेमिस मोहिमांसाठी नासाने कवचात तेच ॲव्हकोट वापरलं, मात्र खण भरण्याऐवजी त्याचे १८६ ठोकळे चिकटवले. २०२२ च्या रिकाम्या फेरीनंतर बघतात तर शंभराहून अधिक ठिकाणी कोळशाचे टवके उडालेले. ही कुपी वातावरणात एक बुडी मारून थोडी वर येते आणि पुन्हा खाली जाते. मधल्या काळात वरचा थर पुरेसा जळत नाही, आतला वायू मात्र तयार होत राहतो, त्याला वाट मिळत नाही आणि तो टवका उडवतो. कारण शोधायला दोन वर्षं गेली. डिसेंबर २०२४ मध्ये ठरलं की माणसांच्या पहिल्या फेरीला कवच तेच ठेवायचं, उतरण्याची वाट बदलायची. यावर तज्ज्ञांत मतभेद होते, आणि ते असणं मला तरी निरोगी वाटतं.

मंगळावर तर दोन्ही बाजूंनी अडचण. तिथली हवा आपल्या हवेच्या शंभराव्या भागाएवढी विरळ. यान तापवायला पुरेशी, थांबवायला अपुरी. आजवर तिथे उतरलेल्या सगळ्यात जड गाड्या टनभराच्या. माणसांसाठी कितीतरी टन उतरवावे लागतील. पृथ्वी-मंगळ सोयीच्या जागी येतात दर २६ महिन्यांनी, त्यामुळे जाऊन येऊन अडीच-तीन वर्षं. वाटेत काही बिघडलं तर पृथ्वीला विचारायचं, आणि प्रश्न पोचायलाच तीन ते बावीस मिनिटं. मंगळावरून यानाने आजवर चिमूटभर मातीही परत आणलेली नाही, हेही लक्षात ठेवलेलं बरं. एका डच कंपनीने ‘फक्त जायचं तिकीट’ काढलं होतं, हजारो अर्ज आले होते. २०१९ मध्ये ती दिवाळखोरीत गेली.

चार माणसांना मंगळावरून उठवायचं तर नासाच्या अंदाजाने सात टन इंधन आणि ते जाळायला २५ टन ऑक्सिजन लागेल. एवढा ऑक्सिजन इथून नेणं परवडणारं नाही. मंगळाच्या हवेत बहुतेक कार्बन डायऑक्साइडच आहे, मग त्यातूनच तो काढायचा. पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी या पेटीने २०२१ ते २०२३ दरम्यान १६ वेळा हे करून दाखवलं. एकूण निघाला १२२ ग्रॅम. तंत्र चालतं हे सिद्ध झालं. आता तेच कित्येक पटींनी मोठं करून, दुरुस्तीला कोणी नसताना, वर्षभराहून जास्त काळ न थांबता चालवायचं आहे. म्हणून बऱ्याच आराखड्यांत परतीचं यान आधी जातं, माणसं त्यानंतरच्या संधीला, म्हणजे २६ महिन्यांनी. टाकी भरल्याचा संदेश मंगळावरून आला नाही, तर माणसांचं यान इथून सुटायचं नाही.